मदत हवी आहे : गावच्या घरी केबल, डीटीएच की फ्री डिश?

आई-बाबा गावी दोघंच असतात. बाबांना बातम्या आणि क्रिकेट, आईला संध्याकाळच्या मराठी मालिका. एवढंच लागतं. सध्याच्या केबलवाल्याने बॉक्स बिघडला म्हणून नव्याचे पूर्ण पैसे मागितले आहेत. जुना बॉक्स भाड्याचा होता की आमचा, त्याची पावतीच नाही.

डीटीएच घेतलं तर छत्री, बॉक्स, बसवणावळ आणि दर महिन्याला वाहिन्यांचे पैसे, नेटवर्क शुल्क, वर १८ टक्के जीएसटी. डीडी फ्री डिशला एकदाच खर्च, मासिक भाडं नाही. पण आईच्या मालिका त्यावर दिसतील का? तिचा तेवढाच विरंगुळा आहे, तो तुटू नये.

तुमच्याकडे बॉक्सचे किती घेतले? डिपॉझिट परत मिळालं का? दुरुस्तीला माणूस आला तर वेगळे पैसे लागतात का? कृपया सांगा.