'लाइफटाइम' म्हणायचं की 'जन्माला पुरेल'?

धागाकर्ता (बेळगाव)
भाचीच्या रुखवतासाठी भांडी घ्यायला गेलो होतो. तव्यापासून पाण्याच्या बाटलीपर्यंत सगळ्यावर एकच शब्द, लाइफटाइम. घरी आल्यावर आईनं पितळी डबा काढला, तिच्या सासूबाईंचा. झाकणावर नाव घातलेलं आहे, घासून घासून निम्मं पुसलंय. म्हणाली, "ह्याला मरण न्हाई."
माझं म्हणणं एवढंच, की टिकण्यासाठी आपल्याकडे वस्तूगणिक वेगळं बोलणं आहे. कापड दहा वर्षं 'निघतं', रंग 'विटत नाही', भांडं 'जन्माला पुरतं', शिसवी पाट नातवंडांना 'पुरून उरतो'. हे सगळं एका 'लाइफटाइम'मध्ये बुडालं. निदान आपल्या घरात आणि मराठी पाट्यांवर तरी तो शब्द नको.

खडेबाजारवाला
सर, मी कुकर-मिक्सर विकतो आणि मला हे पटत नाही. माझ्या गल्ल्यासमोर एका तासात मराठी, कन्नड, उर्दू बोलणारी माणसं उभी राहतात. 'लाइफटाइम' तिघांनाही समजतं. दुसरं, 'मरण नाही' असं मी तोंडानं बोललो आणि चार महिन्यांत हँडल तुटलं, तर गिऱ्हाइकानं काय दाखवायचं? वॉरंटी कार्डावरच्या लाइफटाइमला अटी असतात, पण त्या लेखी असतात. त्यावर भांडता येतं.

वडगावचा
लेखी असूनही काय झालं ते आठवा. 2006 च्या सुमाराला 'लाइफटाइम'ची मोबाइल कार्डं निघाली होती. वडिलांनी हौसेनं घेतलं. त्या लाइफची मुदत कंपनीच्या सरकारी परवान्याएवढी होती, हे बारीक अक्षरात. माणसाच्या आयुष्याशी त्याचा संबंधच नव्हता.

पायताणवाला (निपाणीकडचा)
मी घरच्या धंद्यातलं सांगतो. कोल्हापुरी चपलेला 2019 ला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार असे आठ जिल्हे आहेत. आपला बेळगाव त्यात आहे. म्हणजे हा माल दोन्हीकडचा.
कातडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावायचं. शिलाई कातड्याच्याच वादीची, खिळा मारायचा नाही. नवं पायताण पहिले आठ दिवस चावतं, करकर वाजतं. त्याला तेल पाजायचं, मग ते पायाच्या घडणीचं होतं. तळ झिजला की नवा तळ, वादी तुटली की नवी वादी. आमचे आजोबा गिऱ्हाइकाला 'जन्मभर टिकंल' असं कधीच म्हणाले नाहीत. "पाण्यात घालू नगं, तेल पाजत जा, मग बघायला नगं," एवढंच म्हणायचे. त्यात गिऱ्हाइकाचंही काम सांगितलेलं असायचं. लाइफटाइम म्हटल्यावर माणूस जपायचंच सोडतो, माझी तक्रार ती आहे.

संस्कृत शिकवणारी
धागाकर्त्यांशी निम्मी सहमत. बोलीतली क्रियापदं गोड आहेत, पण कागदावर 'ह्याला मरण नाही' लिहून कसं चालेल? तिथे नेमका शब्द हवा, आणि तो आहे. 'आमरण' म्हणजे मरेपर्यंत. 'आजन्म' म्हणजे मुळात जन्मापासून, म्हणून विकत घेतलेल्या वस्तूला तो लावू नका. संस्थांच्या पावत्यांवर 'आजीव सभासद' छापतात, पण संस्कृतात आजीव म्हणजे उपजीविका. तिथे 'आजीवन' जास्त स्पष्ट. फारसी वळणाचा 'तहहयात'ही उत्तम, हयात असेपर्यंत. आणि आयुष्यापलीकडचं सांगायचं तर 'आचंद्रार्क', चंद्र-सूर्य असेपर्यंत. आपल्या भागातल्या जुन्या दानाच्या शिलालेखांवर माथ्याला चंद्र-सूर्य कोरलेले असतात ते त्यासाठीच.

धागाकर्ता
मॅडम, 'आजन्म'चं पटलं. पण आजीवन मिक्सर? कानाला बरं लागत नाही.

खानापूरची
सगळे मराठी-इंग्रजीत अडकलात. शेजारणीचं ऐका. आमच्या गल्लीतल्या कन्नड अक्का बादली घेताना विचारतात, बाळिके येईल का? बाळिके म्हणजे टिकाऊपणा, आणि बाळू म्हणजे जगणं. म्हणजे वस्तू किती जगेल, असंच त्या विचारतात. सरांची आई 'मरण नाही' म्हणते, अक्का जगण्याचं विचारतात. दोघींनी वस्तूला जीव दिलाय.
आता माझी शंका. आजीचं इरकल लुगडं विरलं, तेव्हा आईनं वाकळीत घातलं. पोटात ते, वर दुसऱ्या जुन्या साड्या. वाकळीच्या एका कोपऱ्यात त्याचा लाल काठ अजून दिसतो, माझा मुलगा झोपताना तोच धरतो. हे लुगडं टिकलं म्हणायचं की गेलं?

खडेबाजारवाला
ताई, आमच्याकडे असल्या लुगड्याला 'कामी आलं' म्हणतात. मिक्सरवरचं लाइफटाइम मी काढणार नाही, ते कंपनीचं छापील आहे. पण पितळेच्या कप्प्यावर खडूनं 'जन्माला पुरेल' लिहीन, खाली कन्नडातही. अक्कांकडून तेवढी ओळ बरोबर लिहून आणा.