नवीन लॅपटॉपमधला कंपनीचा पसारा: ठेवायचा की उडवायचा?

तर्रीपोहे
मुलीला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला, म्हणून परवा नागपुरात बर्डीतून लॅपटॉप घेतला. ८ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, विंडोज ११. बजेटमध्ये बसला तो घेतला.

घरी येऊन सुरू केला आणि डोकं फिरलं. काहीही उघडलेलं नाही, तरी टास्क मॅनेजरमध्ये ४.७ जीबी रॅम भरलेली. मोजायला बसलो तर आम्ही न मागितलेल्या २३ गोष्टी निघाल्या. कंपनीचं एक 'मदत'वालं ॲप, त्याच कंपनीचं दुसरं 'काळजी'वालं ॲप (दोघांचं काम एकच आहे असा माझा संशय), ३० दिवसांचा अँटिव्हायरस, हॉटेल बुकिंगचा शॉर्टकट, पत्त्यांचा खेळ, आवाज सुधारणारं काहीतरी, आणि कॅमेऱ्यात चेहरा गोरा करणारं एक. पोरगी म्हणाली, बाबा, हे शेवटचं राहू द्या.

माझं मत सरळ आहे. आपण फ्रिज घेतला तर कंपनी त्यात कोणाचं तरी लोणचं, कोणाचा तरी मुरंबा भरून पाठवत नाही. मग इथंच काहून? पेनड्राइव्हवर विंडोज घेतो आणि रविवारी सगळं पुसून कोरं करतो. कोणाचा विरोध असेल तर शनिवारपर्यंत सांगा.

कूलरसमोर
माझा विरोध आहे. सदरमध्ये सोळा वर्षं झाली, लॅपटॉप दुरुस्त करून राहिलो. ॲडमिशनचा सीझन संपला का हे 'कोरं करणारे' माझ्या टेबलावर येतात.

भाऊ, इंटेलच्या ११व्या पिढीपासूनच्या बऱ्याच लॅपटॉपात बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालणारं मदरबोर्डवरचं सॉफ्टवेअर) व्हीएमडी नावाची, डिस्क सांभाळणारी गोष्ट चालू असते. पेनड्राइव्हवरून विंडोज टाकायले गेलं का 'कुठं टाकू' विचारणारी खिडकी रिकामी दिसते. डिस्कच नाही! माणसाले वाटते एसएसडी गेली. मागच्या वर्षी एक काका रात्री साडेदहाले फोन करून रडकुंडीले आले होते, नवी कोरी मशीन, आता वॉरंटीत देऊ का म्हणे. झालं काहीच नव्हतं. इंटेलचा रॅपिड स्टोरेज ड्रायव्हर (विंडोजले तो भाग ओळखू देणारं सॉफ्टवेअर) उतरवायचा, उलगडून त्याच पेनड्राइव्हवर ठेवायचा, 'लोड ड्रायव्हर' दाबायचं, डिस्क हजर. पण हे आधी माहीत पाहिजे. आणि ड्रायव्हर उतरवायले घरी दुसरा कॉम्प्युटर पाहिजे.

पुढची पायरी वायफायची. ड्रायव्हर नाही म्हणून वायफाय नाही, आणि विंडोज ११ होम सेटअपमध्येच इंटरनेट मागते. बसा मग.

आणि मुख्य मुद्दा बॅटरीचा. पोरगी चार्जर लावूनच बसणार, सगळे तसेच बसतात. लिथियम-आयन बॅटरीले दोन गोष्टी खातात: उष्णता, आणि सतत १०० टक्के भरून राहणं. आपल्याकडं मे महिन्यात पारा ४५च्या वर. कूलरची हवा पलंगावर येते, टेबलावर नाही. ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवायचा खटका विंडोजमध्ये नाही, तो त्या 'काळजी'वाल्या ॲपात असते. ते तुम्ही रविवारी उडवणार.

महालकर
कूलरसमोर यांच्या अनुभवाला नमस्कार, पण त्यांनी भीतीच जास्त घातली.

कोरं विंडोज टाकायला लोक घाबरतात ते 'लायसन्स जाईल' म्हणून. जात नाही. विंडोज ८ पासून लायसन्सची किल्ली मदरबोर्डवरच्या चिपमध्ये असते. होमवर होमच टाकलं तर इंटरनेट लागताच आपोआप ॲक्टिव्हेट होतं. ड्रायव्हर आधी उतरवून ठेवणं हे अर्ध्या तासाचं काम आहे.

आता कंपनीच्या ॲपवर विश्वास ठेवायचा म्हणता, तर थोडा इतिहास बघा. सप्टेंबर २०१४ पासून लेनोवोच्या काही घरगुती लॅपटॉपमध्ये सुपरफिश नावाचं जाहिरातबाज सॉफ्टवेअर आयतं येत होतं. बँकेची साइट उघडतानाही ते मधे बसायचं, कारण त्याने विंडोजमध्ये स्वतःचं रूट सर्टिफिकेट (कोणती साइट खरी मानायची ते ठरवणारा दाखला) टाकलेलं होतं. आणि सगळ्या लॅपटॉपवर त्याची गुप्त किल्ली एकच! एकाला ती मिळाली की त्याच वायफायवरच्या कोणाचंही उघडून वाचता येईल. फेब्रुवारी २०१५ मध्ये बोंब झाली, कंपनीला ते काढायचं साधन द्यावं लागलं, २०१७ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाशी तडजोड झाली. त्याच २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये डेलच्या लॅपटॉपवर ईडेलरूट सापडलं, जवळपास तोच प्रकार.

आणि 'अपडेट'वाली ॲप? २०१८ मध्ये असूसच्या लाइव्ह अपडेटमध्येच हल्लेखोरांनी आपला माल घातला. त्यावर सही खुद्द कंपनीच्या सर्टिफिकेटची. अँटिव्हायरसने अडवायचं कसं? मार्च २०१९ मध्ये ते बाहेर आलं. ज्या दारातून दूधवाला येतो त्याच दारातून चोर आला, आणि दार तुम्ही आयुष्यभर उघडं ठेवा म्हणताय.

कूलरसमोर
इतिहास मले पण माहीत आहे महालकर. २०१७ मध्ये एचपीच्या काही लॅपटॉपात तुम्ही दाबाल ती प्रत्येक की एका फाइलमध्ये लिहिली जात होती, ते विसरले काय? ते कोणत्या ॲपात नव्हतं. कोनेक्सँट कंपनीच्या आवाजाच्या ड्रायव्हरमध्ये होतं. म्हणजे तर्रीपोहे यांनी २३ च्या २३ गोष्टी उडवल्या असत्या आणि ड्रायव्हर टाकला असता, तरी ते बसलंच असतं. मग आवाजाशिवाय लॅपटॉप वापरायचा काय?

भोक कुठंही पडते. ते बुजवणारं बायोस अपडेट कोणाच्या हातून येते? त्याच ॲपच्या.

महालकर
बायोस अपडेट कंपनीच्या साइटवरून उतरवता येतं. बऱ्याच कंपन्यांचं आता विंडोज अपडेटमधूनही येतं. त्यासाठी दिवसभर मागे चालणारं ॲप कशाला?

मात्र तर्रीपोहे, एक तुमच्याही विरुद्ध सांगतो. 'पुसलं की कोरं' हे दर वेळी खरं नसतं. विंडोजमध्ये अशी सोय आहे की बायोसमधून एखादा प्रोग्रॅम सुरू होतानाच आत सोडता येतो. २०१५ मध्ये लेनोवोने ती वापरली होती. लोकांनी कोरं विंडोज टाकलं, आणि कंपनीचं सॉफ्टवेअर भुतासारखं परत हजर. शेवटी बायोस अपडेट देऊन ते काढावं लागलं. म्हणून कोरं केल्यावरसुद्धा आठवडाभराने यादी परत बघा.

हिशेबनीस
मी रामदासपेठेत एका सीएच्या ऑफिसात आहे, कॉम्प्युटरमधलं मला तुमच्याइतकं कळत नाही. पण दोन गोष्टी सांगते.

एक. खोक्यावर ऑफिसचं स्टिकर आहे का ते आधी बघा. आपल्याकडे बऱ्याच लॅपटॉपबरोबर वर्ड-एक्सेल कायमचं मिळतं, त्याचे पैसे तुम्ही किमतीतच दिलेले असतात. ते ठराविक मुदतीत आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्याला जोडावं लागतं. आमच्याकडच्या एका आर्टिकलने (सीए शिकणारा उमेदवार) 'ट्रायल असेल' म्हणून पहिल्याच दिवशी काढून टाकलं, खातं जोडलंच नाही. वर्षाने लक्षात आलं तोवर मुदत गेलेली. आता बिचारा महिन्याचे पैसे भरतोय. महिन्याच्या वर्गणीवालं मायक्रोसॉफ्ट ३६५ वेगळं आणि हे वेगळं, नाव मात्र सारखंच दिसतं.

दोन. लोणच्याचं उदाहरण आवडलं, पण अर्धंच आहे. त्या लोणचेवाल्याने फ्रिजवाल्याला जागेचे पैसे दिलेले असतात. स्वस्त लॅपटॉपमध्ये नफा किती उरतो ते एकदा हिशेबाला घेऊन बसा. उद्या 'पसारा नसलेला, पण महाग' असा लॅपटॉप दुकानात ठेवला तर तुम्ही घ्याल का? मी घेणार नाही. मी हा घेईन आणि शनिवारी संध्याकाळी पसारा आवरेन.

तर्रीपोहे
स्टिकर आहे!! खोकं माळ्यावर टाकलं होतं, उतरवून पाहिलं. खातं जोडलं. हिशेबनीसताई, तुम्हाला एक प्लेट तर्री-पोहे माझ्याकडून.

किमतीचं मात्र पटलं नाही. मी घेईन, मला निवड तरी द्या. मोबाइलच्या बाबतीत आपल्या स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गुगलला १,३३७ कोटींचा दंड केलाच ना? आयत्या ॲपचा मुद्दा त्यात होता, आणि ती काढायला अडवू नका असंही सांगितलं होतं. लॅपटॉपचं कोणी का विचारत नाही?

महालकर
कारण लॅपटॉपवर बहुतेक गोष्टी काढता येतात. मोबाइलवर येत नव्हत्या.

एकफटका
एवढी काय चर्चा? नेटवर तयार स्क्रिप्ट (एकामागून एक आज्ञा चालवणाऱ्या फाइली) मिळतात. ॲडमिन म्हणून चालवा, पाच मिनिटांत सगळं साफ. मी हॉस्टेलमध्ये दहा लॅपटॉप केले.

कूलरसमोर
त्यातले तीन माझ्याकडं आले असतील बाप्पा.

त्या स्क्रिप्टा मायक्रोसॉफ्ट स्टोअरच उडवतात. आता आवाजाचं रिअलटेकचं कंट्रोल, डॉल्बीचं ॲप, इंटेलचं ग्राफिक्सचं, हे सगळं स्टोअरमधूनच येते. स्टोअर गेलं तर परत आणायचं कुठून? एक पोरगा आला, म्हणे स्पीकर पत्र्याच्या डब्यासारखा वाजून राहिला. स्पीकर ठणठणीत होता. आवाजाची सेटिंग सांभाळणारं ॲप स्क्रिप्टनं खाल्लं होतं. स्टोअर परत बसवायले माझा अर्धा दिवस गेला, आणि त्याचे दोनशे रुपये मागितले तर तोंड पाडलं.

एकफटका
स्क्रिप्ट आधी वाचायची असते. त्यात काय ठेवायचं ते निवडता येतं.

कूलरसमोर
वाचली होती काय तू?

एकफटका
…पहिल्या दोन लॅपटॉपच्या वेळी नाही.

मिहान_नाइटशिफ्ट
गेमिंग लॅपटॉपवाल्यांसाठी. माझ्या मशीनमध्ये पंख्याचे तीन मोड आहेत आणि तिन्हींची चावी कंपनीच्या ॲपकडे. मी ते जड आहे म्हणून काढलं. मशीन शेवटच्या मोडवर अडकली, म्हणजे 'शांत' वर. एप्रिलमधली दुपार, मांडीवर लॅपटॉप, आणि पंखा शांत. पुढचं सांगत नाही. ॲप अर्ध्या तासात परत आलं. तेव्हापासून नियम: आधी स्टार्टअपमधून (मशीन सुरू होताच चालणाऱ्या ॲपच्या यादीतून) बंद करून आठवडाभर बघायचं. एफएनच्या बटणांनी उजेड, आवाज, टचपॅड, सगळं चालतंय ना? चाललं तर मग काढायचं. त्या बटणांचं सॉफ्टवेअर यादीत 'हॉटकी' किंवा 'सिस्टीम कंट्रोल' अशा नावाने असतं आणि दिसायला अगदी फालतू दिसतं.

हिशेबनीस
अँटिव्हायरसचं कोणी बोललंच नाही.

महालकर
कारण त्यावर भांडण नाही. ट्रायलवाला काढा, काढला की विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस, डिफेंडर, आपोआप सुरू होतो. काढल्यावर एकदा मशीन रिस्टार्ट करून 'विंडोज सिक्युरिटी'त हिरवी खूण बघून घ्या, बस.

कूलरसमोर
याले माझी पण सही.

तर्रीपोहे
रविवार, रात्री नऊ. अहवाल देतो.

कोरं केलं नाही. व्हीएमडीचं वाचून धीर सुटला, कबूल. आधी रिस्टोर पॉइंट घेतला, म्हणजे बिघडलं तर मागे जाता येईल. अँटिव्हायरस काढला. त्याने तीनदा विचारलं, 'खरंच जायचं का?', लग्नातल्या पाहुण्यासारखं. पत्ते, हॉटेल, फोटोवाली वर्गणी, 'मदत'वालं ॲप गेलं. आवाजाचं राहिलं, हॉटकी राहिलं, आणि गोरं करणारं राहिलं कारण घरात बहुमत त्या बाजूला आहे. 'काळजी'वालं ठेवलं, पण त्यात ८० टक्क्यांचा खटका चालू करून स्टार्टअपमधून काढलं. रॅम आता ३.६ जीबी. यातलं कशामुळे किती कमी झालं ते मात्र कळलं नाही.

महालकर
ते 'काळजी'वालंही कदाचित काढता येईल. काही लॅपटॉपमध्ये चार्जिंगची मर्यादा बायोसमध्येच असते. डेलच्या आणि एचपीच्या ऑफिसवाल्या मॉडेलमध्ये मी स्वतः पाहिली आहे. तिथे असेल तर ॲपची गरजच नाही. बघितलंत का?

तर्रीपोहे
आत्ता बघून आलो. सगळी पानं उलटली, बॅटरीचा 'ब' नाही. उलट चुकून तारीख बदलून बसलो होतो, ती नीट केली. म्हणजे ॲप राहिलं. सध्या चार्ज ७८ वर आहे, ८० ला थांबतं का ते बघत बसलोय.

कूलरसमोर
स्टार्टअपमधून काढलं ते चालते. पण सर्व्हिसेसच्या (मागे गुपचूप चालणाऱ्या प्रोग्रॅमच्या) यादीत त्याच्या नावाची एक सर्व्हिस असते, तिले हात लावू नका. काही मॉडेलात ती बंद पडली का मर्यादा पण जाते.

तर्रीपोहे
ती दुपारीच बंद केली होती.

८३ झाले. थांबा, परत सुरू करतो.