एफएम सिलॅबसमधून काढा म्हणे!

पेठेतला_मेक: काल इथे एकाने लिहिलं, 'फ्लुइड मेकॅनिक्स (एफएम, पाणी-हवा वाहण्याचं शास्त्र) म्हणजे डेरिव्हेशनची घोकंपट्टी. प्रवाहाचं गणित कॉम्प्युटरवर सोडवणारं सीएफडी सॉफ्टवेअर असताना एसईला, म्हणजे इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, हा विषय हवाच कशाला?' वर भरभरून लाइक! डोकं फिरलं म्हणून सविस्तर लिहितोय. सॉफ्टवेअर तुम्हालाच विचारतं, फ्लो लॅमिनार (शांत, थराथराने वाहणारा) की टर्ब्युलंट (खळबळता)? घरातला 15 मिलिमीटरचा पाइप घ्या, पाण्याचा वेग सेकंदाला 1 मीटर. हे ठरवणारा रेनॉल्ड्स नंबर 15,000 च्या आसपास, म्हणजे फ्लो टर्ब्युलंट. तुम्ही लॅमिनारवर टिक केलंत तर फ्रिक्शन फॅक्टर (घर्षणाचा आकडा) 64 भागिले 15,000, म्हणजे 0.0043. खरा असतो 0.028 च्या घरात. हेडलॉस, म्हणजे घर्षणात वाया जाणारा दाब, सहापटीहून जास्त चुकला, चित्र मात्र लाल-निळं, देखणं! तेच पीपीटीत घालून बीईचे प्रोजेक्ट होतात आणि गाइड माना डोलावतात.

बॅकलॉग_सम्राट: तो मीच. गाइडबद्दल शंभर टक्के सहमत, बाकी लेक्चर नको. एन्डसेमला येतं काय? 'बर्नूली डिराइव्ह करा', म्हणजे दाब, वेग आणि उंचीचं समीकरण मांडा. लॅबमध्ये दाब मोजायच्या मॅनोमीटरच्या नळीत हवा अडकलेली, तरी अख्ख्या बॅचच्या जर्नलात व्हेंच्युरीचा (प्रवाह मोजायच्या, मध्ये अरुंद नळीचा) सीडी, म्हणजे खऱ्या आणि हिशेबी प्रवाहाचं गुणोत्तर, 0.98. कारण सीनियरच्या जर्नलातही तोच होता. पाइपच्या तोंडावर बोट दाबलं की पाणी जोरात येतं, तोंड लहान तर वेग जास्त, एवढी कंटिन्युइटी शाळेतलं पोरही सांगेल. त्यासाठी सेमिस्टर?

पेठेतला_मेक: पोर चुकीचं सांगेल, आणि तुम्हीही तेच सांगताय. डिस्चार्ज, म्हणजे दर सेकंदाला वाहणारं पाणी, कायम राहतो हे कुणी सांगितलं? बोट दाबून बादली भरून बघा, वेळ जास्त लागतो. पाणी कमी वाहतं म्हणून पाइपातलं घर्षण कमी होतं, तोंडाशी प्रेशर शिल्लक राहतं, वेग त्यातून येतो. टाकी 20 मीटर वर असली तर घर्षण न धरता नुसत्या बर्नूलीच्या हिशेबाने नळाला ताशी 70 किलोमीटरने पाणी यायला पाहिजे. येतं का?

निवृत्त_ओव्हरसियर: टाकीत पाणी चढलं तर ना! आमच्या गल्लीत लोकांनी थेट कॉर्पोरेशनच्या लाइनवर मोटरी बसवल्यात. सकाळी त्यांची मोटर सुरू झाली की आमचा नळ नुसता फुसफुसतो.

वाघोली_टँकरवाला: काका, तुम्हाला लाइन तरी आहे. आमच्या सोसायटीचा मेंटेनन्स टँकर पिऊन टाकतो.

निवृत्त_ओव्हरसियर: म्हणून मोटर लावणं बरोबर ठरतं का? लाइनमधलं प्रेशर बाहेरच्या हवेपेक्षा खाली गेलं की गळक्या जॉइंटमधून शेजारच्या गटाराचं पाणी आत ओढलं जातं. मग घरोघरी जुलाब, आणि शिव्या खायला आम्ही खात्याचे लोक.

बॅकलॉग_सम्राट: लावतो आम्ही मोटर. सगळे लावतात. एकट्याने काढली तर आंघोळ काय तत्त्वांनी करायची?

निवृत्त_ओव्हरसियर: तरीच एफएम राहिला तुझा.

बॅकलॉग_सम्राट: पर्सनल होऊ नका काका. सुटलाय तो, उशिरा का होईना.

भोसरी_पंपवाला: मोटरीचं भांडण बाहेर घ्या. माझा अनुभव सांगतो. एका गिऱ्हाइकाने पंप विहिरीच्या पाण्यापासून 9 मीटर वर बसवला, आणि खडखडतो म्हणून आमच्या नावाने बोंब. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे 560 मीटर उंच. पंप पाणी ओढतो ते हवेच्या दाबाच्या जोरावर, आणि इथली हवा पाणी फार तर 9.7 मीटर चढवेल, त्यातून वाफेचा दाब आणि पाइपातला लॉस वजा करा, उरतं काय? पंपातच पाण्याची वाफ होते, बुडबुडे इम्पेलरवर (पंपाच्या फिरत्या पात्यांवर) फुटतात. डिग्रीवाले साहेब कॅटलॉग चाळत राहिले. आयटीआयच्या फिटरने नुसता आवाज ऐकून सांगितलं, पंप खाली घ्या. त्यामुळे दोघांनीही डिग्रीचा फार तोरा मिरवू नका.

पेठेतला_मेक: फिटरला नमस्कार. पण पंप बसवायच्या आधी हे वजाबाकीचं गणित मांडायला एफएमच लागतो, आणि तुम्ही ते आत्ताच मांडलंत.

बॅकलॉग_सम्राट: बरं बाबा, बर्नूली ठेवा, घर्षण ठेवा, आरती करा त्यांची. डायमेन्शनल अ‍ॅनालिसिस (एककांवरून राशींची नाती शोधणं) तरी काढाल? त्यातलं बकिंगहॅम पाय प्रमेय आयुष्यात कुणाला लागलंय?

पेठेतला_मेक: खडकवासल्याला जाऊन विचार. तिथली जलसंशोधन संस्था 1916 ची. धरणांची छोटी मॉडेलं बांधून त्यांवरून पाणी सोडून बघतात. 1:100 च्या मॉडेलवर मोजलेला वेग खऱ्या धरणासाठी 10 ने गुणायचा की 100 ने, हे फ्रूड नंबर (वेग आणि गुरुत्वाकर्षणाचा मेळ सांगणारा आकडा) ठरवतो. तू काढायला निघालास त्याच युनिटातला.

बॅकलॉग_सम्राट: 10 ने. युनिट ऑप्शनला टाकलं होतं, तरी एवढं येतं.

निवृत्त_ओव्हरसियर: गुणाकार राहू दे. मोटर कधी काढतोस ते सांग.