मदत हवी आहे: कृष्णविवर वाढतच नाहीये (तातडीचं)

त्र्यंबकरोडकर
सोमवारी नाशिकला कॉलेजात सेमिनार आहे. क्वेसार (वायू गिळणाऱ्या महाकाय कृष्णविवरामुळे झळकणारं दीर्घिकेचं केंद्र) जे१३४२+०९२८: महास्फोटानंतर ६९ कोटी वर्षं, कृष्णविवराचं वस्तुमान ८० कोटी सूर्यांइतकं. पायथॉनमध्ये एडिंग्टन मर्यादेवर (याहून जोरात गिळलं तर प्रकाशाचा दाबच वायू मागे ढकलतो) वाढवलं तर जेमतेम १,४०० सूर्य येतात. सूत्र बरोबर आहे. लवकर सांगा.

शून्यप्रहर
बीज, म्हणजे सुरुवातीचं कृष्णविवर, किती सूर्यांचं? सुरुवात कधी? कार्यक्षमता, म्हणजे पडणाऱ्या वस्तुमानातला प्रकाश होऊन निघून जाणारा वाटा, किती धरली? हे न सांगता आम्ही काय कपाळ सांगणार?

त्र्यंबकरोडकर
बीज १०० सूर्य, अर्थातच. रेडशिफ्ट (प्रकाश किती ताणला गेला याचं माप; जास्त म्हणजे जुना काळ) २० पासून. कार्यक्षमता ०.३.

शून्यप्रहर
तिथेच पाणी मुरतंय. वस्तुमान ई-पट (सुमारे २.७ पट) व्हायचा काळ = ४५ कोटी वर्षं × कार्यक्षमता ÷ (१ − कार्यक्षमता). ०.३ ला १९ कोटी वर्षं, ०.१ ला फक्त ५ कोटी. रेडशिफ्ट २० म्हणजे १८ कोटी वर्षं गेलेली, हातात उरली ५१. ०.१ घेऊनही २७ लाख सूर्यच होतात, कारण ८० लाख पट वाढायला ८० कोटी वर्षं लागतात. बीज एक लाखाचं घ्या. शेजारच्या दीर्घिकेचे अतिनील किरण रेणवीय हायड्रोजन मोडत राहिले तर ढग थंड होत नाही, त्याचे तुकडे पडत नाहीत, तो अख्खा कोसळतो.

गंगापूरधरण
आलं यांचं लाडकं थेट कोसळणं! कार्यक्षमता ०.०५७ टाका, न फिरणाऱ्या कृष्णविवराची. १०० वरूनही ४३ कोटी वर्षांत पोचतं.

शून्यप्रहर
भोवतीच्या वायूच्या चकतीतून एकाच दिशेने वायू पडत राहिला की कृष्णविवराची फिरकी वाढते, कार्यक्षमताही चढते. तुमचं ०.०५७ टिकणार किती?

गंगापूरधरण
वायू दर खेपेला वेगळ्या दिशेने आला तर टिकतं.

शून्यप्रहर
आणि ४३ कोटी वर्षं एकही खाडा नाही? छोट्या दीर्घिकेत सुपरनोव्हाच वायू हुसकून लावतात. यूएचझेड१ ही दीर्घिका बघा, रेडशिफ्ट १०.१: कृष्णविवर जवळपास दीर्घिकेतल्या सगळ्या ताऱ्यांइतकं जड. हलक्या बीजातून हे बसवून दाखवा.

तारांगण_८इंच
क्वेसार प्रत्यक्ष बघायचा असेल तर कन्या राशीतला ३सी २७३, तेजस्वितेची प्रत १२.९. आठ इंची दुर्बीण पुरते. एप्रिलमधली अमावस्या गाठा, पेठ रोडने शहराच्या उजेडाबाहेर जा. आकाशनकाशा मात्र हवाच, दिसायला साध्या ताऱ्यासारखाच आहे.

त्र्यंबकरोडकर
दुर्बीण कोणी विचारली? ०.१ आणि एक लाख टाकलं, आता २७० कोटी येतायत!

शून्यप्रहर
५१ कोटी वर्षांना ०.८८ ने गुणा. बाकीचा काळ ते उपाशी.

गंगापूरधरण
म्हणजे यांच्या बीजाला खाडे चालतात, आमच्या नाही.