उलेक्साइटखाली ठेवलेली अक्षरे वर कशी दिसतात?

प्रश्न: माझ्याकडे कॅलिफोर्नियातील बोरॉन या गावातील उलेक्साइट या खनिजाचा, दोन्ही बाजूंनी घासून चकचकीत केलेला तुकडा आहे. वर्तमानपत्रावर ठेवला की अक्षरे दगडाच्या वरच्या पृष्ठभागावर उमटल्यासारखी दिसतात, मात्र आडवा ठेवल्यास नुसता रेशमी पांढरेपणा दिसतो. असे का होते? तो पाण्याने धुवावा का?

उत्तर १: सोडियम, कॅल्शियम आणि बोरॉनच्या या जलयुक्त खनिजाचे केसांसारखे बारीक तंतू एकमेकांना समांतर व घट्ट चिकटलेले असतात, आणि तंतूत शिरलेला प्रकाश त्याच्या कडांवरून पुन्हापुन्हा आत परावर्तित होत थेट दुसऱ्या टोकाला पोहोचतो. म्हणूनच पैलू तंतूंना काटकोनात कापलेले असावे लागतात. अमेरिकेत याला ‘टीव्ही दगड’ म्हणतात, ते अगदी समर्पक आहे.

उत्तर २: धुण्याबाबत माझे स्पष्ट मत आहे की गरम पाणी कटाक्षाने टाळावे, कारण त्यात हे खनिज विरघळू लागते. काठिण्यही (खनिजांच्या १ ते १० या मोह्स मोजपट्टीवर) जेमतेम २.५ असल्याने तांब्याच्या नाण्यानेसुद्धा ओरखडा उठतो. कोरडे मऊ कापड पुरेसे आहे.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. भिंगातून पाहिल्यावर कडेचे तंतू खरोखरच सुटे दिसले.