फॉर्म व्हॅलिडेशन: नियम अ‍ॅनोटेशनने लिहावेत की एक्सएमएलमध्ये?

निळीशाई: स्प्रिंग बूट ३ (जावाचं वेब फ्रेमवर्क) वर ग्राहकांचा फॉर्म आहे: नाव, पिनकोड, पासवर्ड आणि ऐच्छिक जीएसटी क्रमांक. नोंदणी आणि दुरुस्ती या दोन्ही पानांना एकच क्लास आहे. पासवर्ड फक्त नोंदणीत सक्तीचा. नियम कोडमधल्या @च्या खुणांऐवजी (म्हणजे अ‍ॅनोटेशनांऐवजी) वेगळ्या एक्सएमएल फाइलमध्ये ठेवले तर कोडला हात न लावता बदलता येतील, असं टीममध्ये एकाचं म्हणणं आहे. ते बरोबर आहे का? आणि @नॉटनल लावूनही रिकामं नाव सेव्ह होतंय, ते का?

कोडकट्टा: अ‍ॅनोटेशनच वापरा. एक्सएमएलची फाइलही शेवटी जारमध्येच (बिल्ड केलेल्या पॅकेजमध्ये) जाते आणि अ‍ॅप सुरू होताना एकदाच वाचली जाते. म्हणजे नियम बदलला की पुन्हा बिल्ड, पुन्हा डिप्लॉय आलंच. शिवाय क्लासमधल्या फील्डचं नाव बदललं आणि एक्सएमएलमध्ये जुनंच राहिलं, तर कंपायलर काहीच बोलत नाही. अ‍ॅप सुरू करताना एक्सेप्शन येतं.

रिकाम्या टेक्स्टबॉक्समधून नल (मूल्यच नसणं) येत नाही, रिकामी स्ट्रिंग येते. ती @नॉटनलमधून बिनदिक्कत सुटते. नावाला @नॉटब्लँक लावा, म्हणजे नुसत्या स्पेसही अडतील.

जीएसटीचा घोळ याच्या उलट आहे. पंधरा अक्षरांचा @पॅटर्न लावलात की फील्ड रिकामं ठेवणाऱ्यालाही चूक दाखवली जाईल, कारण @पॅटर्न नल सोडून देतो, रिकामी स्ट्रिंग सोडत नाही. कंट्रोलरमध्ये (पानांच्या विनंत्या हाताळणाऱ्या क्लासमध्ये) @इनिटबाइंडर लिहून स्ट्रिंगट्रिमरएडिटर ‘ट्रू’ देऊन नोंदवा. रिकाम्याचं नल होईल.

पासवर्डसाठी ग्रुप (कोणते नियम कधी तपासायचे हे सांगणारं नाव) वापरा. ‘नोंदणी’ नावाचा रिकामा इंटरफेस करा, पासवर्डच्या @नॉटब्लँकला तो ग्रुप द्या आणि नोंदणीच्या मेथडमध्ये @व्हॅलिडेटेडला तोच सांगा. इथे हमखास फसायला होतं: फक्त ‘नोंदणी’ सांगितलं तर ग्रुप नसलेले बाकीचे नियम तपासलेच जात नाहीत. म्हणून त्या इंटरफेसने बीन व्हॅलिडेशनचा (या नियमांच्या जावा मानकाचा) ‘डिफॉल्ट’ ग्रुप एक्स्टेंड केलेला हवा.

सह्यवारा: वरच्याशी सहमत. पण एक्सएमएल अगदीच टाकाऊ नाही. क्लास दुसऱ्याच्या जारमधला असेल, त्याचा सोर्स आपल्या हातात नसेल, तर तोच सरळ मार्ग. मेटा-इन्फ फोल्डरमध्ये व्हॅलिडेशन डॉट एक्सएमएल ठेवून त्यातून मॅपिंगच्या (कोणत्या क्लासला कोणते नियम ते सांगणाऱ्या) फाइलकडे बोट दाखवायचं. मात्र त्या फाइलमधल्या ‘बीन’ टॅगवरचं ‘इग्नोर-अ‍ॅनोटेशन्स’ मुळात ‘ट्रू’ असतं. एका फील्डचा नियम एक्सएमएलमध्ये लिहिला की त्या क्लासवरची सगळी अ‍ॅनोटेशनं गुपचूप बाद होतात! दोन्ही हवी असतील तर तिथे ‘फॉल्स’ लिहा. आणि एका क्लासचं मॅपिंग एकाच फाइलमध्ये ठेवा, दोन ठिकाणी चालत नाही.

निळीशाई: @नॉटब्लँक लावलं, तरी रिकामं नाव सेव्ह होतंयच. एररही येत नाही.

कोडकट्टा: इम्पोर्ट बघा. बूट ३ ला ‘जकार्ता’ पॅकेज लागतं. जुन्या ‘जावाएक्स’चा जार कुठल्या तरी डिपेंडन्सीतून आला असेल तर कोड कंपाइल होतो, पण ती अ‍ॅनोटेशनं कोणी वाचत नाही. इम्पोर्ट बरोबर असेल तर पॉममध्ये (मेव्हनच्या डिपेंडन्सींच्या फाइलमध्ये) व्हॅलिडेशन स्टार्टर आहे का ते पाहा, बूट २.३ पासून तो वेब स्टार्टरबरोबर येत नाही. आणि मेथडमधला बाइंडिंगरिझल्ट (तपासणीत सापडलेल्या चुका ठेवणारा पॅरामीटर) फॉर्मच्या पॅरामीटरला लागूनच हवा. मध्ये मॉडेल घातलंत तर चुकीच्या फॉर्मवर थेट ४०० (‘बॅड रिक्वेस्ट’) एरर येईल.