स्टॅबिलिटी कंट्रोलचा दिवा कधी लागतो, कधी नाही. सेन्सर दोनदा बदलून झालाय

चौथा_मालक

नमस्कार मंडळी. पाच महिन्यांपूर्वी नऊ वर्षं वापरलेली एसयूव्ही घेतली. डिझेल, मॅन्युअल, १ लाख १२ हजार किलोमीटर झालेली. इंजिनाबद्दल तक्रार नाही. जी आहे ती एकच, आणि तीही धड नाही. डॅशबोर्डवर घसरणाऱ्या गाडीचं चित्र असलेला पिवळा दिवा लागतो, सोबत एबीएसचाही (जोरात ब्रेक मारल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा). रोज नाही. आठवड्यातून दोन-तीनदा, आणि जवळजवळ नेहमी सकाळी. एकदा लागला की त्या फेरीत विझत नाही. इंजिन बंद करून पुन्हा चालू केलं की गायब, आणि मग दिवसभर शहाण्यासारखा.

गॅरेजमध्ये नेली की अर्थातच लागत नाही. ही गाडी माणूस ओळखते असं माझं ठाम मत झालंय.

स्कॅनर लावून कोड वाचून घेतला: पुढच्या डाव्या चाकाचा स्पीड सेन्सर, सिग्नल तुटक. गंमत म्हणजे आधीच्या मालकाने दिलेल्या कागदांत याच सेन्सरची दोन बिलं आहेत, सात महिन्यांच्या अंतराने. म्हणजे सेन्सर दोनदा नवा बसलाय, त्यामुळे तो खराब असेल ही शक्यता मी सोडून दिली आहे. मेकॅनिक म्हणतो, एबीएस मॉड्यूलच, म्हणजे ती यंत्रणा चालवणारा कंट्रोल बॉक्सच बदला. आकडा ऐकून मी खुर्ची ओढून बसलो. सकाळीच लागतो म्हणजे थंडीशी काही संबंध असेल का?

सावकाश_चालवा

बॅटरी बघा आधी. रात्रभर गाडी उभी, सकाळी स्टार्टर फिरताना व्होल्टेज खाली जातं आणि ही मॉड्यूल्स लगेच रुसतात. माझ्याकडे स्टिअरिंगचा आणि स्टॅबिलिटीचा असे दोन्ही दिवे एकदम लागायचे, बॅटरी बदलल्यावर गेले. चारही टायर एकाच मापाचे आहेत ना तेही बघा. एक टायर वेगळ्या मापाचा असला की ते चाक सतत वेगळ्या वेगाने फिरतं आणि सिस्टिमचा गोंधळ होतो.

चौथा_मालक

बॅटरी तपासून आणली. उभ्या गाडीत १२.६, स्टार्ट मारताना १०.८, इंजिन चालू असताना १४.२. टायर चारही एकाच मापाचे, एकाच कंपनीचे. पुढचे थोडे जास्त झिजलेत इतकंच.

पान्हा_चौदा

निदान होईपर्यंत एक लक्षात ठेवा. पिवळे दिवे लागले तरी साधा ब्रेक लागतो. फक्त घसरताना गाडी सावरणारं आणि चाक लॉक होऊ न देणारं कोणी नसतं, तेव्हा ओल्या रस्त्यावर बेताने. पण त्यांच्याबरोबर ब्रेकचा लाल दिवाही लागला तर गाडी बाजूला घ्या आणि ब्रेक ऑइलची पातळी बघा. तशी गाडी घरापर्यंत रेटायची नाही.

वायरमन_निवृत्त

बॅटरीचे आकडे ठीक आहेत, तो विषय बंद. मॉड्यूल तर अजिबात घेऊ नका. त्यातलं एका चाकाचं सर्किट बिघडतच नाही असं नाही, पण तिथे पोचायच्या आधी बघायच्या बऱ्याच गोष्टी आहेत आणि त्यांतल्या बहुतेक फुकट आहेत.

१९९५ साली बॉशने मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये ईएसपी, म्हणजे हेच स्टॅबिलिटी कंट्रोल, आणलं. तेव्हापासून मूळ हिशेब तोच आहे. तुम्ही स्टिअरिंग किती वळवलं आणि गाडी खरोखर किती वळली, याचा ताळा घ्यायचा. त्यासाठी चार चाकांचे वेग, स्टिअरिंगचा कोन, गाडी स्वतःभोवती किती फिरतेय आणि आडवा रेटा किती, हे सगळं लागतं. एका चाकाचा वेग कळेनासा झाला की सिस्टिम प्रामाणिकपणे हात वर करते. म्हणून दोन्ही दिवे एकदम लागतात.

आता दिव्याची वेळ. ताळा जुळत नाही, या जातीचे दोष बहुधा गाडी थोडी चालल्यावर कळतात. तार तुटणं मात्र जवळपास तत्क्षणी पकडलं जातं. आणि एकदा पकडलं की तार परत जुळली तरी दिवा त्या फेरीपुरता राहू शकतो. म्हणजे दिवा जळत असतानाच्या वेळाला अर्थ नाही. तो कोणत्या क्षणी लागला ते महत्त्वाचं. तेव्हा सांगा, लागतो तेव्हा वेग किती असतो, आणि सकाळी गाडी बाहेर काढताना पहिलं वळण कोणत्या बाजूला घेता?

आणि त्या दोन बिलांवरून तुम्ही उलटा निष्कर्ष काढलाय. नवा सेन्सर घातल्यावर सात महिने गाडी नीट चालली, मग पुन्हा तेच. त्यानंतर परत तेच. या सेन्सरला बहुतेक गाड्यांत स्वतःची वायर असते, कनेक्टरपर्यंतची. सेन्सर बदलला की ती वायरही नवी येते. म्हणजे सेन्सर असो वा वायर, त्याला कोणीतरी मारतंय. मारणारा अजून तिथेच बसलाय.

चौथा_मालक

काका, कमाल आहे, हे मला कोणी विचारलंच नव्हतं. पार्किंगची जागा अरुंद आहे, निघताना स्टिअरिंग पूर्ण उजवीकडे तोडावं लागतं. वेग म्हणाल तर पहिल्या गिअरमध्ये सरपटतच. दिवा नेमका कधी लागतो ते बघितलं नव्हतं, रस्त्यावर आल्यावर लक्षात यायचं.

मग एक प्रयोग केला. चार रात्री गाडी उलटी लावली, म्हणजे सकाळी सरळ बाहेर. चारही दिवस दिवा नाही. पाचव्या दिवशी दुपारी, कडक उन्हात, मोकळ्या जागेत मुद्दाम पूर्ण उजवीकडे तोडून गोल फिरवली. दुसऱ्या फेरीला लागला! सकाळ बिचारी उगाच बदनाम झाली.

वायरमन_निवृत्त

शाबास. आता गाडी सपाट जागी लावा, हँडब्रेक, मागच्या चाकांना ओट (दगड किंवा लाकडाचा अडसर) लावा, पुढची दोन्ही चाकं उचलून स्टँडवर ठेवा. नुसत्या जॅकवर उचलून खाली हात घालायचा नाही. मग आधी डाव्या नव्हे, उजव्या चाकामागे बघा. तिकडची वायर हबपासून (चाक ज्यावर बसतं तो मधला भाग) निघून कुठे कुठे अडकवली आहे, किती ढील सोडलीय, हे फोटो काढून घ्या. नंतर डावीकडे या आणि ताडून बघा. कंपनीने दोन्ही बाजू सारख्याच बांधलेल्या असतात. जे वेगळं दिसेल ते कोणीतरी नंतर केलेलं.

सेन्सरला मल्टिमीटरने ओहम मोजायला जाऊ नका. नऊ वर्षांच्या गाडीत तो बहुधा ॲक्टिव्ह प्रकारचा, म्हणजे आत इलेक्ट्रॉनिक्स असलेला असणार. ओहमचा आकडा त्यात काही सांगत नाही, उलट मीटरमुळे सेन्सर जायचा.

चौथा_मालक

सापडला!

उजवीकडे वायर शॉकअपच्या ब्रॅकेटमध्ये रबरी बुचात बसवलेली आहे आणि तिथून हबपर्यंत छान झोळ सोडलाय. डावीकडे ब्रॅकेट रिकामं. रबरी बूच नाहीच. वायर प्लास्टिकच्या टायने ब्रेकच्या होजला करकचून बांधलेली. स्टिअरिंग पूर्ण उजवीकडे केलं की हबच्या मागून ती कपडे वाळत घालायच्या दोरीसारखी ताठ होते. मग कागद पुन्हा काढले. पहिल्या सेन्सरच्या बिलाच्या थोडं आधी त्याच बाजूचा शॉकअप बदलल्याचं बिल आहे. तेव्हा बूच काढलं आणि परत बसवायला विसरले, दुसरं काय.

मित्राला स्कॅनर धरायला बसवलं, चाक हाताने जोरात फिरवत होतो. सरळ असताना वेग दिसत होता. त्याच्या भावाने स्टिअरिंग उजवीकडे टोकाला नेलं की डाव्या चाकाचा आकडा शून्य, थोडं सोडलं की परत हजर. टायच्या जवळ वायर बोटाने हलवली तरी तेच.

आता तेवढा तुकडा कापून जोडून टेप मारली तर चालेल का? सेन्सर तर चांगलाच दिसतोय.

वायरमन_निवृत्त

नाही. त्या वायरीतून सिग्नल म्हणून साधारण ७ आणि १४ मिलीअँपिअर असे दोनच करंट जातात. तिथे पाणी, चिखल आणि सतत वाकणं. जोड हिरवा पडला की पुन्हा इथेच याल. सेन्सर वायरीसकट नवा घ्या, पण त्याच्या आधी रबरी बूच मिळवा. बूच मिळाल्याशिवाय सेन्सर बसवू नका. बसवताना भोकातला गंज साफ करा. गंजाने सेन्सर उचलला गेला तर चाकाबरोबर फिरणाऱ्या, सेन्सर जिच्यावरून वेग वाचतो त्या रिंगपासूनचं अंतर वाढतं आणि सिग्नल अशक्त होतो. जुनी वायर फेकायच्या आधी टायच्या जागी सोलून बघा.

चौथा_मालक

सहा आठवडे झाले. रोज उजवीकडे तोडूनच काढतोय, दिवा नाही. बूच शोधायला सेन्सरपेक्षा जास्त दिवस लागले.

वायर सोललीही. वरचं प्लास्टिक अगदी धडधाकट, ओरखडासुद्धा नाही. आत एका तारेचं तांबं तुटून हिरवी पूड झालेली आणि दोनच केस शिल्लक.